झेंड्याच्या तिकिटांची बादली

आयुष्यात बायकांची बोलणी मी पुष्कळ खाल्ली, पण रिकाम्या पाकिटावरून बोलणी खाल्ली ती एकीचीच. मिस व्हर्लीन टेटम यांची. अपील कोर्टाच्या टपालखोलीतला माझा तो पहिला दिवस होता. त्याआधी सतरा वर्षं मी पोस्टात पत्रं निवडण्याचं काम केलं होतं, तेव्हा टपाल म्हणजे काय हे मला कुणी शिकवावं असं मला मुळीच वाटत नव्हतं. पहिलं पत्र फोडलं, आतला कागद काढला आणि पाकीट टोपलीत टाकलं.

"उचल," त्या म्हणाल्या. मान वरसुद्धा केली नाही.

"काय उचलू?"

"टाकलंस ते. आणि पुन्हा टाकलंस तर त्याच टोपलीत मी तुला टाकीन."

मी चाळिशीचा बाप्या, दोन मुलांचा बाप. निमूटपणे वाकलो आणि उचललं.

आता तिथे सगळं मशीन करतं म्हणे. कागद आत जातो, चित्र पडद्यावर येतं, पाकीट कुठे जातं देव जाणे. मला विचाराल तर रागच येतो. पण तो राग बाजूला ठेवतो, नाहीतर मिस व्हर्लीनची गोष्ट राहून जायची.

आमच्या खोलीत येणाऱ्या टपालात निम्म्याहून जास्त पत्रं कैद्यांची. वकील नाही, टाइपरायटर नाही. पिवळ्या रेघी कागदावर पेन्सिलीनं लिहिलेलं. कुणाची दाढ सडली आणि तुरुंगाच्या डॉक्टरनं बघितली नाही. कुणाला पहारेकऱ्यानं जिन्यावरून ढकललं. कुणाला पकडताना पोलिसानं इतकं मारलं की जबडा पुन्हा बसलाच नाही. खालच्या कोर्टानं दावा फेटाळला की वर अपील करायला तीस दिवस. एकतिसाव्या दिवशी आलात तर दार बंद, मग तुमचं म्हणणं कितीही खरं असो.

बाहेरचा माणूस स्वतः चालत खिडकीशी येतो. कैदी काय करणार? तो पाकीट पहारेकऱ्याच्या हातात देतो. पहारेकरी ते पोत्यात टाकतो आणि पोतं पडून राहतं त्याच्या मर्जीनं. म्हणून सगळ्यात वरच्या कोर्टानं कधीच सांगून ठेवलंय, कैद्यानं ज्या दिवशी पाकीट तुरुंगाच्या हवाली केलं तीच त्याची तारीख.

"आणि ती तारीख कुठे असते, पोस्टमास्तर?" मिस व्हर्लीन मला विचारायच्या. पोस्टमास्तर हे त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात ठेवलेलं नाव, टोमणा म्हणूनच ठेवलेलं. "तुरुंगाच्या शिक्क्यात. आणि शिक्का कुठे असतो? आतल्या कागदावर? नाही! तू केराची टोपली दाखवतोस त्या पाकिटावर."

उंच बाई. रविवारी चर्चला घालायच्या त्याच ऐटीत रोज टोपी घालून यायच्या आणि ती टोपी फाइलींच्या कपाटावर ठेवायच्या. आईची एक हाडाच्या मुठीची लोणी लावायची सुरी होती, तिनं पाकीट फोडायच्या. तेही कडेनं. तोंडाशी कधी नाही.

"तोंडाशी फोडलं तर लवकर होतं," मी एकदा शहाणपण पाजळलं.

"त्यानं जीभ लावून बंद केलंय ते," त्या म्हणाल्या. "तेवढं तरी त्याच्या मनासारखं राहू दे."

मग पत्राच्या मागे पाकीट लावायचं आणि स्टेपलरच्या दोन पिना. एक नाही, दोन. एक पिन असली की पाकीट गोल फिरतं आणि फाटतं. एकतीस वर्षं हेच. पोस्टातल्या माणसाला हे वेडेपण वाटायचं. पत्र पोचेपर्यंत पाकीट म्हणजे राजा, पोचलं की कचरा, हेच आम्हाला शिकवलेलं. मी तोंडानं "हो हो" म्हणायचो आणि मनात हसायचो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात ना, तो मीच.

त्यांच्या चर्चमधल्या बायकांचं एक मंडळ होतं. वापरलेली तिकिटं जमवायची, दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी ती परातीत भिजवायची, कागद सुटला की वाळवायची आणि तिकिटं जमवणाऱ्या शौकिनांना विकायची. येईल ते दूरदेशीच्या दवाखान्याला. मिस व्हर्लीन आम्हा सगळ्यांकडून घरची तिकिटं मागून न्यायच्या. रोज शंभर पाकिटं त्यांच्या हातातून जात, पण कोर्टाच्या पाकिटावरचं एक तिकीट त्यांनी कधी सोडवलं नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "ते माझं नाही." विषय संपला.

दोन हजार एकच्या नोव्हेंबरात त्यांच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. दोन आठवडे रजा. टपालखोलीचा राजा मी.

आणि मी काय केलं? सांगायला आजही लाज वाटते. त्यांच्या टेबलावर टाचायची राहिलेली पाकिटं साठली होती, त्यात माझ्या दिवसांची भर पडली. मला वाटलं, बाई परत येतील तेव्हा टेबल लख्ख दिसलं पाहिजे. कागद फाइलींत लावले. पाकिटं टाकायला निघालो, तेवढ्यात त्यांचं मंडळ आठवलं. बसलो कात्री घेऊन. प्रत्येक पाकिटाचा तिकिटाचा कोपरा, चांगला रुंद, पुढचा-मागचा कागद धरून कापला. उरलेलं टोपलीत. कोपरे एका पिशवीत भरून त्यांच्या चर्चमधल्या शुक्रवारच्या मासळीच्या जेवणाला सिस्टर युलालीच्या हातात दिले. मंडळ त्याच चालवायच्या. सांगितलं, पोस्टातल्या जुन्या दोस्तांनी पाठवलेत. त्यांनी मला माशाचा एक तुकडा जास्त वाढला. चोरून केलेलं दान मला भारी गोड लागलं.

मिस व्हर्लीन डोळ्यावर काळा चष्मा लावून परत आल्या. टेबल बघितलं. फाइल उघडली, दुसरी उघडली, तिसरी उघडली.

"पाकिटं कुठायत?"

"साफसफाई केली," मी म्हणालो. कोपऱ्यांचं नाव काढलं नाही.

त्या दिवशी जी बोलणी मी खाल्ली ती इथे लिहीत नाही. एक शिवी नव्हती त्यात, पण प्रत्येक वाक्य तसंच लागत होतं. शेवटी त्या खुर्चीत बसल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "प्रार्थना कर पोस्टमास्तर, की यातलं एकही पाकीट कुणी मागू नये." मी केली. मला प्रार्थनेची सवय नव्हती, तरी केली.

जानेवारीतल्या एका शुक्रवारी सकाळी रजिस्ट्रार मिस्टर ऑग्डेन स्वतः खाली आले. ते कधी खाली येत नसत. त्यांच्या हातात न्यायाधीशांचा हुकूम होता. ऑरेन स्टबलफील्ड, कैदी क्रमांक ११७४०६. त्याचा दावा एका पोलिसावर. हातात बेड्या घालून पालथा पाडल्यावर त्या पोलिसानं त्याच्या डोक्यावर बूट हाणला, डावा कान कायमचा गेला. खालच्या कोर्टानं पोलिसाला कायद्याचं कवच दिलं. ते कवच असं असतं, की हे चूक आहे असं आधी कुठल्या निकालात स्पष्ट सांगितलेलं नसेल, तर पोलिसावर दावा चालतच नाही. स्टबलफील्डनं अपील लिहिलं, पण कैदी हमखास करतात ती चूक त्यानं केली. अपिलाचा कागद आधी खालच्या कोर्टातच द्यायचा असतो, तो त्यानं थेट आमच्याकडे पाठवला. ती चूक चालते, आम्ही तारीख टाकून कागद पुढे पाठवतो. पण मुदत संपत होती नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, आणि तुरुंगाच्या वहीत लिहिलं होतं, कैद्यानं पाकीट त्यानंतरच्या बुधवारी दिलं. स्टबलफील्ड शपथेवर सांगत होता, मी आदल्या शुक्रवारी दिलं.

"पाकीट शोधून त्यावरची तारीख कळवायची आहे," मिस्टर ऑग्डेन म्हणाले. "मी त्यांना म्हटलं, मिस टेटमच्या खोलीत पाकीट असतंच."

"नाही," मिस व्हर्लीन म्हणाल्या. "त्या आठवड्याची पाकिटं नाहीत."

"नाहीत म्हणजे? एकतीस वर्षांत तुमच्याकडून..."

"खोली माझी आहे. गेलं ते माझ्याकडूनच गेलं असं लिहा."

मी मूग गिळून उभा होतो. का गप्प बसलो तेही सांगतो. पाकिटं फेकणं ही चूक होती, चुकीला माफी असते. पण कोर्टाचे कागद कात्रीनं कापून चर्चला वाटणं? नोकरी गेली असती. मे महिन्यात मिस व्हर्लीन निवृत्त होणार होत्या, एक डाग त्यांनी सोसला असता, आणि मला अजून पंधरा वर्षं काढायची होती. हा हिशोब मी उभ्या उभ्या केला. इतका नीच मी आयुष्यात दुसऱ्या कुठल्याच क्षणी नव्हतो.

दुपारी जेवणाची वेळ झाली. त्यांनी रोजच्यासारखा मक्याचा पाव काढला, त्यावर अंजिराचा मुरंबा लावला, अर्धा मोडून माझ्यापुढे ठेवला. दुसऱ्या हातात स्टबलफील्डच्या कागदाची प्रत होती, भिंग लावून वाचत होत्या.

"हे बघ काय लिहिलंय," त्या म्हणाल्या. "'आता माणूस डावीकडून बोलला की मला वाटतं, तो माझ्याशी बोलतच नाहीये.'"

मी पाव खाली ठेवला. मी सांगून टाकलं. कात्री, कोपरे, पिशवी, पोस्टातले दोस्त, सगळं.

त्या बघतच राहिल्या. "देवाच्या नावानं चोरी!" त्या ओरडल्या. "आणि ती नेऊन ठेवलीस माझ्याच चर्चमध्ये! आमच्याच मंडळाच्या टेबलावर!" कपाटावरची टोपी उचलून त्यांनी माझ्या खांद्यावर हाणली, दोनदा. मग एकदम थांबल्या. "उद्या वार काय?"

"शनिवार."

"कितवा?"

दुसरा. आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं आणि त्यांनी फोनावर झडप घातली.

"युलाली! पाणी ठेवू नकोस! परातीला हात लावू नकोस! का ते विचारू नकोस, मी येतेय!"

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये पाच बायका एप्रन बांधून लांब टेबलाशी बसल्या होत्या. सिस्टर युलाली ऐंशीच्या, काठी टेबलाला टेकवलेली.

"हाच का तो मासळी खाऊन गेलेला?" त्यांनी विचारलं.

"हाच," मिस व्हर्लीन म्हणाल्या.

"माझा तुकडा परत दे."

मी म्हटलं, सिस्टर, दहा तुकडे देईन, पण ते कोपरे कुठे आहेत?

"दोन महिन्यांत चार पराती भिजवल्यात आम्ही," त्या म्हणाल्या. मी खुर्ची धरली. मिस व्हर्लीननी डोळे मिटले. "पण झेंड्याची तिकिटं नाही भिजवली," युलाली सावकाश म्हणाल्या. "झेंडे कोण घेतंय? फुलं, पक्षी, नाताळची, ती आधी. झेंडे पडलेत त्या चरबीच्या रिकाम्या बादलीत, कधीतरी करू म्हणून."

मिस व्हर्लीन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळे पुसायला लागल्या. "तुरुंगाच्या दुकानात झेंड्याशिवाय तिकीटच मिळत नाही," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं बघतेय मी. झेंडा, झेंडा, झेंडा."

बादली टेबलावर उपडी केली. ढीगच्या ढीग कोपरे. टपालाचे शिक्के वाचायचं काम माझं. त्यात मला कुणी हरवू शकत नाही, हे त्या दिवशी पहिल्यांदाच उपयोगी पडलं. आमच्या भागातल्या तुरुंगांच्या गावांचे कोपरे मी वेगळे काढायचो, बायका ते उलटून मागचं बघायच्या. पाकिटाच्या मागच्या बाजूला तुरुंगवाले शिक्का मारतात, तारीख आणि कैद्याचा क्रमांक. माझी कात्री जाडजूड चालली होती, म्हणून कुठे पूर्ण शिक्का होता, कुठे अर्धा, कुठे काहीच नाही.

दोन तास झाले. कुणी कॉफी केली, कुणी माझ्या कापण्याला नावं ठेवली. "याच्या बायकोनं याला घरात कात्री देऊ नये," एक म्हणाली. मी ऐकून घेतलं. ढीग संपत आला होता. एक माणूस तिकडे तुरुंगात बसून वाट बघत होता, आणि त्याचं नशीब माझ्या कात्रीनं किती रुंद कापलं त्यावर अडकलं होतं.

"अकरा चौऱ्याहत्तर शून्य सहा," सिस्टर युलाली म्हणाल्या.

सगळ्या थांबल्या. मिस व्हर्लीननी भिंग मागितलं. कोपरा मी धरला. जांभळा शिक्का, कडेला जरा कापलेला, पण तारीख पूर्ण होती. दोन नोव्हेंबर. शुक्रवार.

"खरं सांगत होता तो," मिस व्हर्लीन म्हणाल्या. मग एकीनं गाणं धरलं आणि बाकीच्यांनी उचललं, मीही ओठ हलवले.

"हा कोपरा आम्हाला परत मिळणार का?" गाणं संपल्यावर युलालींनी विचारलं.

सोमवारी मी मिस्टर ऑग्डेनांच्या पुढ्यात उभा राहिलो. मिस व्हर्लीन बरोबर येत होत्या, मीच नको म्हटलं. मिस्टर ऑग्डेननी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे शपथेवर लिहून द्याल? कायम राहील तुमच्या फाइलीत." मी लिहून दिलं. दोन आठवडे मला घरी बसवलं, लेखी ठपका दिला आणि बढतीचं नाव पुन्हा कधी कुणी काढलं नाही. जे झालं ते योग्यच झालं. पोलिसाच्या वकिलानं बराच त्रागा केला, चर्चच्या बादलीतला पुरावा म्हणून टिंगलही केली. पण कोपरा, क्रमांक आणि माझी शपथ तिन्ही जुळत होती. न्यायाधीशांनी एका ओळीत लिहिलं, अपील वेळेत आलेलं आहे.

अपिलाचा निकाल लागला पुढच्या वर्षी. तोवर मिस व्हर्लीन निवृत्त झाल्या होत्या. मी निकाल घेऊन त्यांच्या ओसरीवर गेलो आणि वाचून दाखवला. बेड्या घातलेल्या, पालथ्या पडलेल्या माणसाला लाथ मारणं घटनेविरुद्ध आहे, असं तिन्ही न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं होतं. पण त्या दिवसापर्यंत आमच्या कोर्टानं तसं स्पष्ट कधी सांगितलं नव्हतं. म्हणून या पोलिसाला कवच. स्टबलफील्ड हरला.

"म्हणजे आजपासून पुढे चूक," त्या म्हणाल्या, "आणि पहिल्याचा कान फुकट."

"तसंच."

"हा कुठला न्याय रे पोस्टमास्तर?" मी निकालाची घडी घातली. पाकीट सापडलं म्हणून मी मनातून फुशारलो होतो, ते सगळं त्या ओसरीवर उतरलं.

महिन्याभरानं त्यांना स्टबलफील्डचं पत्र आलं. हुकुमात त्यांचं नाव होतं, ते त्यानं वाचलं होतं, कोर्टात आलेलं ते पत्र मी त्यांच्या घरी पोचवलं. पेन्सिलीनंच लिहिलेलं: "बाई, मी हरलो. पण मी शुक्रवारी पाकीट दिलं होतं हे तुम्ही शोधून काढलंत. सरकारी कागदांत माझ्याबद्दल आजवर पुष्कळ लिहिलं गेलंय. मी सांगितलेलं खरं आहे असं पहिल्यांदा लिहिलं गेलं." ते पत्र त्यांनी बायबलमध्ये ठेवलं, मागे पाकीट लावून. दोन पिना.

नंतरची वर्षं बढतीशिवायच त्यांची खुर्ची मी सांभाळली. आईची ती सुरी निवृत्त होताना त्यांनी माझ्या हातात दिली होती. मी पाकीट कडेनंच फोडायचो. नवी पोरं हसायची. हसू देत.

दोन हजार सातच्या वसंतात एक पत्र फोडलं. दुसराच तुरुंग, दुसराच माणूस, तशाच पिवळ्या रेघा. बेड्या, पालथा, बूट. आणि खाली जाड अक्षरांत: स्टबलफील्डच्या निकालाप्रमाणे हे चूक आहे हे पोलिसांना माहीत होतं. मी खुर्चीतून उठलो, पुन्हा बसलो. वर्षभरानं न्यायाधीशांनी त्याच नावाच्या आधारानं लिहिलं, या पोलिसाला कवच नाही, दावा चालवा.

त्या रविवारी मी मिस व्हर्लीनकडे गेलो. त्यांना आता दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. अंगावर रजई, डोक्यावर टोपी मात्र होती. मी वाचत गेलो. स्टबलफील्डचं नाव आलं तसं त्यांनी हात वर केला.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"किती वेळा आलंय त्याचं नाव?"

"अकरा."

"आणि या नव्या पोराचं पाकीट?"

"टाचलंय. दोन पिना."

"मग हे ऑरेनला कोण सांगणार?" त्या म्हणाल्या. "तो बसलाय तिकडे हरलो म्हणून. कागद घे पोस्टमास्तर. माझ्यानं आता लिहवत नाही."

कोर्टाच्या माणसानं कैद्याला पत्र लिहायचं नसतं. मी त्यांना तसं सांगितलं.

"तू कुठे लिहितोयस? लिहितेय मी. तू फक्त हात."

मग मी लिहिलं, त्या सांगत गेल्या. फार काही नव्हतं. तुझ्या नावानं आज एक माणूस कोर्टाच्या दारातून आत शिरला, एवढंच. सही करायला त्यांना जागा दाखवावी लागली. मी झेंड्याचं तिकीट लावलं आणि पाकीट चिकटवायला तोंडाशी नेलं, तशी त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली. पाकीट माझ्या हातातून घेतलं, बोटांनी कड चाचपली आणि स्वतः जीभ लावून बंद केलं.